सूर्याला लाकडं कोण घालतं?

(कर्जत येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

दोस्तहो,

मला विषय दिलाय 'विज्ञान आणि आपण'. या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. ते येतात, अंधश्रद्धा वाईट असं सांगतात, टाळ्या घेतात आणि सातच्या लोकलने परत जातात. मी शास्त्रज्ञ नाही. खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर आहे. अठरा वर्षं दुसऱ्याची आग सांभाळतोय. म्हणून आज फक्त आगीवर बोलणार आहे. आणि एकाच आगीवर. सूर्याच्या.

खरं तर हे भाषण माझ्या भाचीचं आहे. नऊ वर्षांची पोर, चौथीत शिकते. उन्हाळ्यात एक दिवस माझी आई डोंगरातून मोळी घेऊन उतरली. घरात गॅसची टाकी आहे, पण ती भरायला पैसे लागतात. म्हणून टाकीवर गोधड्यांची घडी असते आणि चूल पेटलेली असते. आईनं मोळी अंगणात टाकली आणि मान चोळत बसली. पोर मावळत्या सूर्याकडं बघत होती. म्हणाली,

"मामा, सूर्याला लाकडं कोन घालतं?"

मी हसलो. तिचा चेहरा पडला. मग कळलं, शाळेत तिनं हेच विचारलं होतं आणि अख्खा वर्ग हसला होता. उत्तर कुणी दिलंच नव्हतं. आता मीही हसलो.

दोस्तहो, हा हसण्यासारखा प्रश्न नाही. विसाव्या शतकाची पहिली वीस-पंचवीस वर्षं उलटेपर्यंत जगातल्या भल्या भल्या शास्त्रज्ञांना याचं उत्तर येत नव्हतं. आपल्या देशात लोकांनी हजारो वर्षं सूर्याला पाणी सोडलं, त्याची चाल मोजली, ग्रहणं सांगितली. पण बाबा, तू जळतोस कशावर, असं कुणी विचारलेलं मी वाचलं नाही. हा प्रश्न सुचायला घरात मोळी यावी लागते. ज्याच्या घरी बटण दाबलं की उजेड पडतो, त्याला आग फुकटच वाटते. आगीला खायला लागतं हे चूल फुंकणारीला माहीत असतं, आणि मला माहीत आहे.

म्हणून मी कबूल केलं, चुकलो. आणि उत्तर शोधायला बसलो. वाचलं, विचारलं, परत वाचलं. तिला जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो. पोराला समजावता येत नाही ते आपल्याला समजलेलं नसतं.

आधी बॉयलरचा हिशेब. समजा सूर्य म्हणजे दगडी कोळशाचा गोळा आहे. तो ज्या जोरात उष्णता टाकतो, त्या जोरात कोळसा जळाला तर पाच-सहा हजार वर्षांत राख. म्हणजे सिंधुसंस्कृतीच्या आसपास पेटवला असता तर एव्हाना विझला असता. मग एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन या दोघांनी डोकं लढवलं. सूर्य स्वतःच्या वजनाने आत दबत जातो आणि दबताना तापतो, असं म्हणाले. त्याने दोन-तीन कोटी वर्षं निभतात. पण पृथ्वीचं वय निघालं साडेचारशे कोटी वर्षं. इंधन संपलं, आणि भट्टी चालूच.

"म्हंजे लाकडं नायच?"

नाहीच. सूर्य स्वतःच मोळी आहे. पण ती मोळी कशाची, हे कळायला आधी सूर्यात काय आहे ते कळलं पाहिजे. तिथं जाऊन कोण बघणार?

इथं मी पोरीला वासाचं उदाहरण दिलं. वाड्यात संध्याकाळी कुणाकडं काय शिजतंय ते वासावरून कळतं. प्रकाशाचं तसंच आहे. सूर्याचा प्रकाश लोलकातून पसरला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. सूर्याच्या प्रकाशात लोखंडाच्या, कॅल्शियमच्या रेषा ठसठशीत. लोक म्हणाले, झालं, सूर्य पृथ्वीसारख्याच मालाचा आहे, फक्त तापलेला. पण वासानं माणूस फसतो. एकच सुका बोंबील भाजला तरी वाडाभर वास सुटतो. टोपभर भात शिजला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. वास कशाचा जास्त, आणि पातेल्यात माल कशाचा जास्त, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती तापमानाला कोणतं मूलद्रव्य किती 'वास' मारतं, याचं गणित लागतं.

ते गणित १९२० साली मांडलं मेघनाद साहा यांनी. हे नाव लिहून घ्या. ढाक्याजवळच्या शेवड़ातली गावात १८९३ साली जन्म. बाप किराणा दुकानदार. पोराची जात खालची समजली जाणारी. पुढचं शिक्षण गावात नव्हतं. दुसऱ्या गावात एका डॉक्टरच्या घरी राहायची सोय झाली. अट अशी की आपलं ताट आपण धुवायचं आणि गाय सांभाळायची. पुढं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला. वसतिगृहातली वरच्या जातीची पोरं म्हणाली, हा आमच्या पंगतीत जेवायला नको. साहा आपल्यासारखा गावकुसाबाहेरचा नव्हता, हे मी लपवत नाही. पण ताट वेगळं असणं काय असतं ते त्याला माहीत होतं. ज्याला पंगतीत घेतलं नाही त्या पोरानं ताऱ्यांच्या पातेल्यात काय शिजतंय हे ओळखायचं समीकरण जगाला दिलं.

ते समीकरण हातात घेऊन पुढचं पाऊल टाकलं एका बाईनं. सेसिलिया पेन. इंग्लंडची. केंब्रिजला शिकली, पण त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नव्हतं. १९४८ पर्यंत नाही दिली. ती अमेरिकेत हार्वर्डला गेली. १९२५ साली साहाचं समीकरण लावून तिनं हिशेब काढला. तारे लोखंडाचे नाहीत. तारे हायड्रोजनचे आहेत, आणि थोड्या हेलियमचे. बाकी सगळं चिमूटभर. हेन्री नॉरिस रसेल नावाचा त्या काळचा मोठा माणूस तिला म्हणाला, हे अशक्य आहे. तिला आपल्याच प्रबंधात लिहावं लागलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल दुसऱ्या वाटेनं त्याच आकड्यावर पोचला.

म्हणजे बघा. सूर्य कशाचा आहे हे कळलं एका पंगतीबाहेरच्या पोरामुळं आणि एका पदवीबाहेरच्या बाईमुळं. पुस्तकात समीकरण येतं, ताट येत नाही. म्हणून सांगितलं.

आता मूळ गोष्ट. हायड्रोजन जळतो कसा? जळत नाही. जुळतो.

सगळ्यात हलका अणू हायड्रोजनचा. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान. तिथं अणूची सालं गळून पडतात आणि उघडा गाभा उरतो. त्याला प्रोटॉन म्हणतात. दोन प्रोटॉन समोरासमोर आले की एकमेकांना ढकलतात. मी पोरीला मोडक्या लाउडस्पीकरचे दोन लोहचुंबक दिले. सारखी तोंडं समोर धर म्हटलं. ती जोर लावते, ते निसटतात. "शिवतच नाय," म्हणाली.

शिवत नाहीत! पोरीनं बरोबर शब्द धरला. लांबून एकमेकांना झिडकारतात. पण प्रोटॉनच्या पोटात आणखी एक जोर आहे, विजेच्या जोरापेक्षा कितीतरी दांडगा. मात्र त्याचा हात आखूड आहे. अगदी शिवाशिव झाली तरच तो पकडतो, आणि पकडलं की सोडत नाही. चार हायड्रोजन, पायरी पायरीनं, शेवटी एक हेलियम होतात. हजार ग्रॅम हायड्रोजन आत गेला तर हेलियम बाहेर येतो नऊशे त्र्याण्णव ग्रॅम. सात ग्रॅम कमी भरतात. ते सात ग्रॅम म्हणजेच ऊन. आइन्स्टाइननं १९०५ साली सांगितलेलं सूत्र ते हेच, वस्तुमानाची ऊर्जा होते. एडिंग्टननं १९२० साली अंदाज बांधला, हान्स बेथेनं १९३९ साली पायऱ्या पक्क्या केल्या. सूर्य दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजन असा जुळवतो, आणि सुमारे चाळीस लाख टन वजन उजेड होऊन निघून जातं.

"पन ते तर ढकलतात ना? मग शिवतात कशे?"

कर्जत लोकल, दादर, संध्याकाळचे सहा. कुणाला कुणाला चिकटून उभं राहायचंय? कुणालाच नाही. पण मागून लोंढा येतो. सूर्याच्या वजनाचा लोंढा चारी बाजूंनी आत दाबतो. त्यात प्रचंड वेगानं धडका. तरीसुद्धा सहजासहजी जमत नाही. न मोजता येणाऱ्या धडकांमध्ये एखादीच लागू पडते, आणि तीही भिंतीवरून उडी मारून नाही, भिंतीतून आरपार गेल्यासारखी. अतिसूक्ष्म जगाचा हा नियम आहे, आपल्या जगात तो दिसत नाही. एकेका प्रोटॉनला आपली पाळी यायला सरासरी शेकडो कोटी वर्षं थांबावं लागतं.

म्हणून सूर्य सावकाश चालतो. किती सावकाश? हे ऐका, यावर मी दोन रात्री झोपलो नाही. सूर्याच्या अगदी गाभ्यात मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच एवढा तुकडा घेतला, तर त्यात उष्णता तयार होते पावणेतीनशे वॅटच्या आसपास. जुने शंभरचे तीन बल्ब सुद्धा नाहीत. एवढी ऊब गावच्या उकिरड्यात असते. हो, उकिरड्यात. शेण, पालापाचोळा कुजताना जी वाफ निघते, माप माप धरलं तर सूर्याचा गाभा त्याच जातीचा आहे. सूर्य दिपवतो तो नुसत्या आकारानं.

ज्याला सकाळी हात जोडतात तो सूर्य, आणि जो आमच्या आया-बहिणींना उपसायला लावला तो उकिरडा. घनमीटरला एकाच भावाचे! आणि माणूस? माणूस नुसता बसून राहिला तरी शंभर वॅट टाकतो, आणि त्याचं आकारमान घनमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी. मी पोरीला म्हटलं, मापाला माप लावलं तर तुझी आजी सूर्यापेक्षा जास्त तापते.

आजी चुलीपाशी होती. म्हणाली, "त्ये मला म्हायत हाय."

उपमा फार ताणू नका. प्रोटॉनला जात नसते, तो विजेच्या नियमानं ढकलतो. माणूस माणसाला ढकलतो तो निसर्गाचा नियम नव्हे, लिहिलेला नियम आहे. लिहिलेलं खोडता येतं. १९२७ साली याच जिल्ह्यात, महाडला, पाण्याला हात लावून आणि मनुस्मृती जाळून ते दाखवून झालंय.

आता सूर्यावरून खोपोलीत उतरू. फार लांब नाही. ऊन समुद्रावर पडतं, वाफ होते, ढग होतात, सह्याद्रीला आपटतात. लोणावळ्याच्या वर वळवण, शिरवटा या तलावांत पाणी साठतं. तिथून नळांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला आपटतं आणि जनित्र फिरतं. टाटांचं हे केंद्र १९१५ साली सुरू झालं. भिवपुरीचं १९२२ साली. खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं. भिवपुरीतून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याखाली कर्जतची उन्हाळी भातं होतात. म्हणजे खोपोलीची वीज ही सूर्याची वीज. तिकडं प्रोटॉन शिवले म्हणून इकडं तारेत झटका. पोरीच्या पुस्तकात 'पाण्यापासून वीज' असं आहे. पाणी नुसतं ओझं वाहतं. चढवतो सूर्य.

हाच पाऊस १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखाली ठाकरांच्या वाडीवर डोंगर घेऊन आला. सत्तावीस प्रेतं सापडली, सत्तावन्न माणसं मातीतच राहिली. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रं चढू शकली नाहीत, माणसांनी कुदळ-फावड्यानं माती उपसली. खालापूर तालुक्यात सूर्य आणि पाऊस यांच्यावर बोलायचं आणि हे सांगायचं नाही, असं मला जमणार नाही.

खोपोलीची ती वीज गेली कुठं? मुंबईच्या गिरण्यांत. गिरणीत आपली माणसंही होती. पण विणकाम खात्यात, जिथं पगार बरा, तिथं अस्पृश्याला घेत नसत. का? धोट्यात सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या थुंकीचा विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. बघा दोस्तहो: पंधरा कोटी किलोमीटरवर शिवाशिव झाली, तिची ऊब समुद्र ओलांडून, घाट उतरून, तारेतून मागावर पोचली, आणि मागावर आल्यावर तिला सांगितलं, इथं शिवाशिव चालत नाही.

या तारांना आपल्या मुलखात दुसराही इतिहास आहे. माथेरानचे भाई कोतवाल, न्हावी समाजात जन्मलेले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडं जाणारे विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीनं पडले. वीज म्हणजे सत्तेची नस आहे हे कर्जतला ऐंशी वर्षांपूर्वी कळलं होतं.

मग पोरीचा पुढचा प्रश्न. "मामा, आपल्याला नाय का करता येत तसा सूर्य?"

येतो. आणि माणसानं पहिल्यांदा तो बॉम्ब म्हणून केला. १ नोव्हेंबर १९५२ ला अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला. १ मार्च १९५४ ला बिकिनीवर त्याहून मोठा, आणि त्याची राख राँगेलापच्या बेटकऱ्यांच्या अंगावर पडली. जमीन कुणाची निवडली? ज्यांना विचारावं लागत नाही त्यांची.

सावकाश जळणारा सूर्य करणं मात्र अवघड. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा म्हणाले की वीस वर्षांत ही ऊर्जा काबूत येईल. त्याला सत्तर वर्षं उलटली. अडचण काय? सूर्याकडं वजनाचा लोंढा आहे, आपल्याकडं नाही. म्हणून आपल्याला दहा-पंधरा कोटी अंश तापवावं लागतं. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. आणि साधा हायड्रोजन चालत नाही, कारण तो फार रेंगाळतो. त्याचे जड भाऊ लागतात. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात मिळतो. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच, तो लिथियमपासून करावा लागतो.

एवढा तापलेला वायू ठेवायचा कशात? कुठल्याही भांड्याला लागला तर तो थंड होईल आणि भांडं खराब होईल. म्हणून चुंबकाच्या जोरावर तो हवेत अधांतरी फिरवत ठेवतात. यंत्राचा आकार वड्यासारखा. कर्जत स्टेशनावरचा बटाटावडा नव्हे, भोकवाला मेदूवडा. त्याला टोकामॅक म्हणतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाचा टोकामॅक १९८९ पासून आहे. फ्रान्समध्ये 'ईटर' नावाचा सगळ्यात मोठा बांधतायत, त्यात भारत भागीदार आहे. त्याचं तीस मीटर उंचीचं पोलादी कवच गुजरातेत, सुरतजवळ हजिऱ्याला तयार झालं. ते वेल्डिंग करणारे हात कुणाचे असतील, तुम्हाला सांगायला नको. २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे तिथं खरं इंधन घालणार २०३९ साली.

लेसरनंही प्रयत्न चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात इंधनाच्या बारीक गोळीवर दोन मेगाज्यूलचा मारा केला, तीन निघाले. पेपरात मथळे आले. पण तो लेसर चालवायला तारेतून तीनशेच्या आसपास घेतले होते. बॉयलरवाल्याला असला हिशेब पटकन कळतो. पहिल्यांदाच गोळीनं खाल्लं त्याहून जास्त दिलं, हे खरंच मोठं काम आहे. भट्टीनं अजून दिलेलं नाही, हेही तितकंच खरं.

पोरीनं सगळं ऐकलं. मोळीकडं बघितलं. मी तिला सांगितलं होतं की लाकूड म्हणजेही साठवलेलं ऊन. गाभ्यातली ऊर्जा पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं जातात, मग आठ मिनिटांत ती इथं. म्हणजे आजीच्या डोक्यावर येतो तो सूर्यच, आणि तो निघाला तेव्हा जगात जात हा शब्द नव्हता. मग तिनं विचारलं,

"ते मशीन झालं का आजीची मोळी बंद व्हईल?"

दोस्तहो, या प्रश्नासाठी मी इथं उभा आहे.

खोपोलीत वीज १९१५ साली आली. डोक्यावरून तारा जाताना बघत माझा बाप म्हातारा झाला. आमच्या वाड्यात पहिला बल्ब लागला तेव्हा मी सातवीत होतो. वीज कुणी नाकारली असं मी म्हणत नाही. कुणाला आमची आठवणच झाली नाही. सूर्य पकडता आला तरी तार कुठं जाणार हे सूर्य ठरवत नसतो. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेच्या धोरणाचं काम त्यांच्याकडं होतं. गरिबीच्या चक्रातून बाहेर पडायचं तर उद्योग हवेत, आणि त्यासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा त्यांचा रोख होता. दामोदर नदीला १९४३ साली पूर आला. चौकशी समितीत होते मेघनाद साहा, आणि नदीच्या योजनेचं खातं बाबासाहेबांकडं. एकानं सूर्याचं कोडं सोडवायची किल्ली दिली होती, दुसऱ्यानं माणसाच्या विटाळाचं कोडं फोडलं होतं. दोघांना कळलं होतं की ऊर्जेचा प्रश्न हा वाटणीचा प्रश्न आहे.

म्हणून पोरीला खरं ते सांगितलं. "नाही. आपोआप बंद होणार नाही. मशीन करणाऱ्यांत तू असलीस, आणि तार कुठं न्यायची ते ठरवणाऱ्यांतही तू असलीस, तर होईल."

ती म्हणाली, "मग मला आदी गनित शिकव."

तेव्हापासून रोज रात्री पाळी संपली की तासभर आम्ही दोघं बसतो. अपूर्णांक चालू आहेत. माझेही कच्चे होते. या वर्गातल्या ज्या कुणाचं गणित बरं असेल त्यानं रविवारी यावं. वाड्यात अशी आणखी सात पोरं आहेत. पाटी आहे, खडू आहे, बल्बही आहे. शिकवणारा माणूस कमी पडतोय.

जय भीम.